टोटल लॉसचा चेक कमी का येतो आणि त्यातलं किती मागता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी चार वर्षांची, महामार्गावर उभ्या ट्रकला मागून धडकली. माणसं सुखरूप, गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही इतकी मोडलेली. पॉलिसीवर आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी ठरवलेली किंमत) ५,२०,००० रुपये. कंपनीच्या पत्रात देय रक्कम ३,८४,०००. तशीच, तेवढीच चाललेली गाडी बाजारात सव्वासहा लाखांच्या खाली मिळत नाही. बँकेचं २,९०,००० कर्ज बाकी. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "ही सरळ लूट आहे, ग्राहक आयोगात जाऊ का?"

आयोगाचं नंतर बघू. मी बावीस वर्षं मोटर सर्व्हेयर, म्हणजे विम्याच्या दाव्यात गाडीचं नुकसान मोजणारा, म्हणून काम केलं, असे आकडे लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसून. आता गाडीमालकांना त्यांचेच कागद वाचून देतो. त्या अनुभवातून सांगतो, सव्वासहा लाख आणि ३,८४,००० यांच्यात २,४१,००० चं अंतर आहे आणि तुम्ही ते एकच भांडण समजताय. ती तीन आहेत. पहिलं तुम्ही पॉलिसी रिन्यू केली त्या दिवशीच हरलात. दुसरं भांडण नाहीच, पैसे दोन हातांनी येण्याची रीत आहे. तिसरं खरं आहे, छोटं आहे आणि ते बहुतेक तुमच्या बाजूने लागेल. लोक नेमकं उलट करतात. पहिल्यासाठी जीव काढतात आणि तिसऱ्यावर सही करून मोकळे होतात.

आधी आयडीव्ही. हा बाजारभाव नव्हे. या करारापुरता हाच बाजारभाव धरायचा, असं तुम्ही आणि कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेलं असतं. तो ठरतो असा: उत्पादकाची त्या मॉडेलची रिन्यूअलच्या वेळची यादीतली विक्री किंमत घ्यायची आणि वयानुसार घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. त्यापुढच्या गाड्या आणि बंद पडलेली मॉडेल्स यांचा आकडा दोघांनी आपसात ठरवायचा. यात रोड टॅक्स, नोंदणी, विम्याचा हप्ता काही धरत नाहीत.

जुन्या गाड्यांचा बाजार हा तक्ता वाचून चालत नाही. एखाद्या मॉडेलला मागणी असली की चार वर्षांची गाडीसुद्धा यादीच्या किमतीच्या सत्तर टक्क्यांना जाते. म्हणून संकेतस्थळांवरच्या जाहिरातींचे जे वीस स्क्रीनशॉट तुम्ही जमवलेत, ते नवीन गाडी शोधायला ठेवा. कंपनीसमोर किंवा विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालासमोर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. तुम्हीच लिहिलंय की रिन्यूअल ऑनलाइन केलं आणि सगळ्यात कमी हप्त्याचा पर्याय निवडला. त्या पानावर आयडीव्ही थोडा वरखाली करायची पट्टी असते. ती डावीकडे सरकवली की हप्ता पाच-सातशे रुपयांनी उतरतो आणि आयडीव्ही तीस-चाळीस हजारांनी. बरं वाटतं. बिल असं एक दिवस येतं. तेव्हा सव्वासहा लाखांतले वरचे १,०५,००० सोडून द्या. अपवाद एकच. शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, ॲड-ऑनच्या (जादा घेतलेल्या संरक्षणाच्या) रकान्यात 'रिटर्न टू इन्व्हॉइस' असं लिहिलंय का, ते बघा. असेल तर सगळा हिशेब बदलतो आणि मूळ बिलाची किंमत मागता येते. चार वर्षांच्या गाडीवर ते बहुधा नसतं, पण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आयडीव्हीची दुसरी बाजू मात्र तुमच्या फायद्याची आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. एकदा ठरला की टोटल लॉससाठी तो पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत तसाच राहतो. गाडी दुसऱ्या महिन्यात गेली काय किंवा अकराव्या महिन्यात, आकडा तोच. आता तुमच्या पत्रातल्या वजावटी बघू. रेक व्हॅल्यू, म्हणजे भंगाराची किंमत, १,१०,०००. कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातली मालकाने सक्तीने स्वतः सोसायची रक्कम, १,०००. व्हॉलंटरी डिडक्टिबल ५,०००. आणि चौथी ओळ: 'आठ महिन्यांच्या वापराचा घसारा' २०,०००. एकूण १,३६,०००.

चौथी ओळ चुकीची आहे. तिच्यावर चर्चासुद्धा नको. मोटर पॉलिसीच्या प्रमाणित मजकुरातच आहे की टोटल लॉस किंवा कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉसच्या (दुरुस्ती परवडत नाही म्हणून टोटल लॉस धरलेल्या गाडीच्या) दाव्यात आयडीव्ही हाच बाजारभाव मानला जाईल आणि त्यातून आणखी घसारा वजा होणार नाही. तुमच्या पॉलिसी बुकलेटमध्ये 'इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू' या मथळ्याखाली हे वाक्य सापडेल. त्याचा फोटो काढून ठेवा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात विमा कंपन्यांना चांगलंच सुनावलं होतं. पॉलिसी देताना जी किंमत मान्य केली, तीच पैसे द्यायची वेळ आल्यावर काही ना काही निमित्त काढून नाकारायची, ही वागणूक बरी नव्हे, असा त्याचा सूर होता. तुम्ही पॉलिसीतलं वाक्य उद्धृत करून पत्र लिहिलंत तर हे वीस हजार बहुतेक वेळा कुठेही न जाता परत येतात. ही ओळ दरवेळी लबाडीनेच येते असंही नाही. दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांवर घसारा असतोच, प्लॅस्टिक-रबरवर ५० टक्के, धातूच्या भागांवर वयाप्रमाणे. त्या सवयीने कुणीतरी तो टोटल लॉसच्या शीटवरही ओढतो आणि वरचा माणूस न बघता पुढे ढकलतो. मीही नवखा असताना एकदा ओढला होता आणि मालकाने हरकत घेतली नव्हती.

डिडक्टिबल मात्र बरोबर आहेत. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० सक्तीचे, त्यावरच्या इंजिनाला २,०००. पाच हजार ऐच्छिक, म्हणजे हप्त्यात सूट मिळावी म्हणून तुम्ही स्वतः उचलायचं कबूल केलेले. शेड्यूलवर ते दिसत नसतील तर हरकत घ्या, दिसत असतील तर सोडा.

आता रेक. सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो आणि पैसेही इथेच बुडतात.

कंपनीची जबाबदारी आयडीव्ही वजा रेकची किंमत एवढीच असते. म्हणजे १,१०,००० कंपनीने गिळलेले नाहीत. ते गाडी विकत घेणाऱ्या भंगारवाल्याकडून तुमच्याकडे यायचे आहेत. होतं असं: कंपनी तुटक्या गाडीचे फोटो ऑनलाइन लिलावात टाकते, व्यापारी बोली लावतात, सर्वांत वरची बोली रेक व्हॅल्यू म्हणून धरतात. त्या व्यापाऱ्याने तुम्हाला १,१०,००० द्यायचे, गाडी न्यायची आणि उरलेले कंपनीने द्यायचे. दोन्ही मिळून तुमच्या हातात (वीस हजारांची चूक दुरुस्त झाल्यावर) ५,१४,००० यायला हवेत. तुम्ही ३,८४,००० ला पूर्ण रक्कम समजून रात्रभर जागलात, पण पत्राच्या दुसऱ्या पानावर बोली लावणाऱ्याचं नाव असेल. बघा.

ही रीत कागदावर चोख आहे. गोची होते ती व्यापारी फिरल्यावर. बोलीला मुदत असते. मुदतीत तुम्ही संमती दिली नाही, किंवा कर्जाबद्दलची बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) वेळेत आली नाही, की बोली मरते. मग कंपनी म्हणते, आम्ही १,१०,००० वजा केले, आता विकणं तुमचं काम. आणि बाजारात त्या सांगाड्याला सत्तर हजारांच्या वर कुणी विचारत नाही.

असा एक मालक माझ्याकडे आला होता. गाडी पुराच्या पाण्यात गेलेली, संमती द्यायला त्याने पाच आठवडे लावले, कारण तो आयडीव्हीवरून भांडत होता. तोवर बोली गेली. वर्कशॉपने दिवसाला तीनशे रुपये पार्किंग लावलं. शिवाय इंजिन खोलून बघितल्याची मजुरी वेगळी. मी गाडी बघायला गेलो तेव्हा सीटवर पांढरी बुरशी धरली होती, मागच्या दरवाजाच्या कप्प्यात मुलाची चित्रकलेची वही फुगून चिकटली होती आणि बॅटरी कुणीतरी नेलेली होती. बॅटरी गेली म्हणून नव्या व्यापाऱ्याने आणखी दर पाडला. त्या माणसाचं खरं नुकसान आयडीव्हीत झालं नाही, या पाच आठवड्यांत झालं.

म्हणून आजच कंपनीला एक ईमेल पाठवा. त्यात विचारा: रेकची बोली कुणाची, किती तारखेपर्यंत वैध, आरसीसह (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रासह) की आरसीशिवाय? आणि स्पष्ट लिहा की "तुम्ही धरलेल्या किमतीला खरेदीदार मिळवून देणं ही तुमची जबाबदारी समजतो. खरेदीदार मागे हटल्यास रेक कंपनीने ताब्यात घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा प्रत्यक्ष मिळणाऱ्या किमतीनुसार वजावट सुधारावी." दोन्हीपैकी काय मान्य होईल ते कंपनीवर अवलंबून आहे. काही कंपन्या रेक सरळ स्वतःकडे घेतात, काही अजिबात घेत नाहीत. पण न विचारता वजावट स्वीकारली तर नंतर बोलायला जागा राहत नाही. याच ईमेलमध्ये हेही विचारा की पार्किंगचे पैसे कोणत्या तारखेपासून कोण भरणार.

आरसीचा मुद्दा वेगळा घेतो, कारण तो पैशापेक्षा गंभीर आहे. आरसीसह विकली तर बोली जास्त येते. का येते याचा विचार करा. काही खरेदीदार गाडी खरंच दुरुस्त करून रस्त्यावर आणतात. काहींना फक्त कागद आणि चेसिस नंबर हवा असतो, चोरीच्या तशाच गाडीवर चढवायला. दोन्ही प्रकारांत आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच राहिलात तर उद्याच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येते. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी पाच हातांतून गेली असली तरी. त्यामुळे दुरुस्त होण्यासारखी गाडी असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसते देऊन टाकू नका, नाव बदलल्याची आरटीओतली नोंद दिसेपर्यंत पाठपुरावा करा. गाडी संपलेलीच असेल तर आरसी रद्द करून आरसीशिवाय विका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते. पंधरा-वीस हजार कमी मिळतील. तुमच्या वर्णनावरून (समोरचा चेसिस रेल वाकलाय, डॅशबोर्ड आत आलाय) मी दुसरा मार्ग घेतला असता.

कर्जाचं सांगतो. पॉलिसीवर बँकेचं हायपोथिकेशन (गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद) आहे, त्यामुळे कंपनीचे पैसे आधी बँकेत जाणार आणि २,९०,००० वळते होऊन उरलेले तुम्हाला मिळणार. इथे एक चूक सर्रास होते: गाडी गेली म्हणून लोक हप्ता थांबवतात. बँकेचा करार तुमच्याशी आहे, गाडीशी नाही. दोन हप्ते चुकले की दंडही लागतो आणि सिबिलही बिघडतं. हप्ते चालू ठेवा, फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज आज एकदम फेडायला किती लागतील तो हिशेब) मागवा आणि त्याची वैधता संपायच्या आत क्लेम बसतोय का ते बघा. बँकेची एनओसी आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय रेक हलत नाही, म्हणून हे काम आयडीव्हीच्या वादाच्या आधी सुरू करा.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या, पण आकडा फिरवू शकणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे क्लेम घेतला होता आणि तरीही रिन्यूअलला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) घेतलात, असं असेल तर कंपनी ते धरून बसेल आणि तुमची बाजू लंगडी होईल. बाहेरून सीएनजी किट बसवलंय आणि पॉलिसीत नोंदवलं नाही, तर त्याची किंमत विसरा. आणि चालकाच्या परवान्यात किंवा गाडीच्या वापरात काही खोट असल्यास कंपन्या 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून पंचवीस टक्के कापून पैसे द्यायची तयारी दाखवतात. अशा तडजोडीला न्यायालयांनीही मान्यता दिलेली आहे. तुमच्या पत्रात तशी कपात नाही, म्हणजे त्या बाजूने तुम्ही बहुधा स्वच्छ आहात.

टोटल लॉस ठरवण्यातच चूक झाली असेल का, असं तुमच्या भावाने विचारलंय. दुरुस्ती आणि गाडी उचलून आणण्याचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. तुमच्यासाठी ही रेषा ३,९०,००० ला येते आणि वर्कशॉपचं एस्टिमेट ४,६०,००० आहे. लक्षात घ्या, हे ७५ टक्के पॉलिसीच्या अटी लावून मोजतात, म्हणजे साध्या पॉलिसीत भागांवरचा घसारा वजा करून. झिरो डेप (भागांवर घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर आकडा लवकर गाठला जातो, नसेल तर लाखभराने खाली येऊ शकतो. तुमची पॉलिसी झिरो डेप आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे ठरवलंय ते बरोबर वाटतं. आणि खरं सांगू, वाकलेल्या रेलची गाडी दुरुस्त करून परत घेण्यात तुम्हाला सुख नाही.

पत्रव्यवहाराचा क्रम असा ठेवा. आधी सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत लेखी मागा, ती मिळणं तुमचा हक्क आहे. त्यात सर्व्हेयरने स्वतः वीस हजारांचा घसारा लावलाय की कंपनीच्या क्लेम विभागाने नंतर चढवलाय, ते कळेल. सर्व्हेयरनेच लावला असेल तरी घाबरू नका. त्याचा अहवाल महत्त्वाचा असतो पण अंतिम शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेलं आहे. (माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे वाक्य आवडत नाही.) मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी त्याच दिवशी "आपल्या बोलण्याप्रमाणे" अशी सुरुवात करून दोन ओळी लिहून पाठवा. सोबत विमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवा. हे पोर्टल चालवणारी विमा नियामक संस्था आयआरडीएआय तुमचा वाद स्वतः सोडवत नाही, पण तिथे नोंद झाली की कंपनीत फाइल वरच्या टेबलावर जाते.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं आणि तोच वाद आयोगात किंवा कोर्टात चालू नसावा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. म्हणून वीस हजारांसाठी आधी तिथे जा. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण तारखा पडतात. रेकचा वाद चिघळला आणि रक्कम लाखाच्या घरात गेली तरच तो रस्ता धरा.

डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे दाव्याची रक्कम मान्य असल्याची पावती, समोर येईल. 'पूर्ण आणि अंतिम' असं छापलेलं असतं. कर्ज चालू असताना चारशे-साडेचारशे रुपयांच्या रोजच्या व्याज-पार्किंगवर बसून राहणं परवडत नाही, हे मला कळतं. सही करावीच लागली तर शेजारी हाताने लिहा, "वादातीत रक्कम स्वीकारली, उरलेल्या रकमेचा हक्क राखून," तारीख घाला आणि फोटो काढा. ते खोडायला सांगितलं तर तसं सांगितल्याचा ईमेल पाठवा. दबावाखाली केलेली सही तक्रारीचा रस्ता कायमचा बंद करत नाही. पण दबाव होता हे नंतर दाखवावं लागतं, आणि दाखवायला त्याच दिवसाचा कागद लागतो. कोरं व्हाउचर मात्र कुणाच्याही विश्वासावर सही करून देऊ नका.

गाडी न्यायला माणूस येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा. आधी पैसे खात्यात आले का बघा, मग किल्ली द्या. दोन्ही किल्ल्या दिल्याची आणि ओडोमीटरच्या आकड्याची पोच घ्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा आणि बंद करा, नाहीतर कुठल्यातरी टोलनाक्यावर तुमच्या खात्यातून पैसे जात राहतील. आणि दरवाजाचे कप्पे, सीटखालची जागा, डिकीतल्या स्टेपनीचा खळगा हाताने चाचपून बघा.